कबुली आणि संमती

एखाद्या वस्तीत मुलीवर बलात्कार झाला की आपल्या संघटनांची धावपळ सुरू होते. पोलीस फिर्याद नोंदवून घ्यायला टाळाटाळ करतात म्हणून ठाण्यात ठाण मांडायचं, वैद्यकीय तपासणीला मुलीबरोबर जायचं, आईबापांना धीर द्यायचा, मोर्चा काढायचा. मोर्च्यात दोन मागण्या हमखास असतात: आरोपींना ताबडतोब अटक करा आणि त्यांना फाशी द्या. यातली पहिली मागणी पुरी करणं पोलिसांना फारसं जड जात नाही. दोन दिवसांत कोणाला तरी धरून आणलं जातं, पेपरात 'नराधम जेरबंद' असा मथळा येतो आणि गर्दी पांगते. धरून आणलेला कोण, त्याचं वय काय, तोच कशावरून, हे त्या गर्दीत कोणी विचारत नाही. विचारणारी बाई आरोपीची वकील ठरते.

आमच्या मते हे प्रश्न बायकांच्या संघटनांनीच विचारायला हवेत. आरोपीची दया येते म्हणून नव्हे, ज्या बाईवर अत्याचार झाला तिच्यासाठी. असं का म्हणतो, ते दोन खटल्यांच्या हकिगतीतून मांडत आहोत. एक न्यूयॉर्कचा आहे, दुसरा नाशिकचा.

१९ एप्रिल १९८९ च्या रात्री न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्क या भल्यामोठ्या बागेत धावायला गेलेल्या अठ्ठावीस वर्षांच्या एका बाईवर बलात्कार झाला. तिला इतकं मारलं होतं की ती बारा दिवस बेशुद्ध होती आणि शुद्धीवर आल्यावर तिला त्या रात्रीचं काहीही आठवेना. ती गोरी, उच्चशिक्षित, मोठ्या वित्तसंस्थेत नोकरी करणारी. त्याच रात्री बागेत काळ्या आणि लॅटिन अमेरिकी वस्तीतली तीसेक पोरं टोळक्याने फिरत होती, त्यांतल्या काहींनी येणाऱ्या-जाणाऱ्यांना त्रास दिला होता. पोलिसांनी त्यातली काही पोरं उचलली. शेवटी पाच जणांवर बलात्काराचा आरोप ठेवला गेला. केविन रिचर्डसन आणि रेमंड सँताना चौदा वर्षांचे, अँट्रॉन मॅक्रे आणि युसुफ सलाम पंधरा वर्षांचे, आणि कोरी वाइज सोळा वर्षांचा. कोरीला पोलिसांनी शोधलंही नव्हतं. मित्र एकटा कसा जाईल म्हणून तो युसुफबरोबर ठाण्यात गेला होता.

कित्येक तास, रात्र-रात्र चौकशी चालली. दुसऱ्याने तुझं नाव घेतलंय, असं प्रत्येकाला सांगितलं गेलं. तू फक्त साक्षीदार आहेस, बघितलंस तेवढं सांग आणि घरी जा, असंही सांगितलं गेलं. अँट्रॉनच्या वडिलांनीच मुलाला म्हटलं, त्यांना हवं ते बोलून टाक, म्हणजे सुटशील. युसुफची आई शॅरॉन मात्र ठाण्यात येऊन ठेपली आणि तिने चौकशी थांबवायला लावली, म्हणून त्याच्या जबानीवर त्याची सही नव्हती. बाकी चौघांचे कबुलीजबाब चित्रफितीवर घेतले गेले. त्याआधीच्या तासांची चित्रफीत मात्र नाही. कोर्टासमोर आला तो फक्त शेवटचा भाग: एक पोरगा कॅमेऱ्याकडे बघून आपण काय केलं ते सांगतोय.

ते जबाब एकमेकांशी जुळत नव्हते. कुठे घडलं, कशाने मारलं, कोणी काय केलं, प्रत्येकाचं वेगळं. बाईच्या अंगावर सापडलेल्या वीर्याचा डीएनए पाचांपैकी एकाशीही जुळला नाही. सरकारी पक्षाने त्यावर तोडगा काढला, की आणखी एक जण असणार, तो निसटला. १९९० मध्ये दोन खटले झाले आणि पाचही जण दोषी ठरले. चौघांनी सहा-सात वर्षं कोंडवाड्यात काढली. कोरी सोळा वर्षांचा, म्हणून त्या राज्याच्या तेव्हाच्या कायद्याने प्रौढ. तो प्रौढांच्या तुरुंगांत बारा वर्षांहून जास्त राहिला.

हल्ल्याला दोन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा बांधकाम व्यावसायिक असलेल्या आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या डोनाल्ड ट्रम्प यांनी शहरातल्या चार वर्तमानपत्रांत पानभर जाहिरात दिली: फाशीची शिक्षा परत आणा. खटला अजून उभाही राहिला नव्हता. बाईवरच्या अत्याचाराची इतकी चाड असणाऱ्या त्या शहरात त्याच आठवड्यात बलात्काराच्या किंवा बलात्काराच्या प्रयत्नाच्या आणखी अठ्ठावीस तक्रारी नोंदल्या गेल्या होत्या. त्यातल्या बहुतेक बायका काळ्या किंवा लॅटिन अमेरिकी होत्या. त्यांच्यासाठी कोणी जाहिरात दिली नाही. किंबर्ली क्रेनशॉ या काळ्या स्त्रीवादी कायदेतज्ज्ञ बाईंनी पुढे हे आवर्जून नोंदवून ठेवलं. आपल्याकडे कुठल्या जातीच्या मुलीसाठी शहर बंद होतं आणि कुठल्या जातीच्या मुलीची बातमी आतल्या पानावर चार ओळींत आटपते, हे आपल्या वाचक मैत्रिणींना वेगळं सांगायला नको.

२००२ मध्ये तुरुंगातल्या एका कैद्याने, मतियास रेयेस याने, स्वतःहून सांगितलं की तो हल्ला मी केला आणि एकट्याने केला. डीएनए तपासला. त्याचाच निघाला. १९ डिसेंबर २००२ रोजी सरकारी वकिलांच्या कार्यालयाच्याच शिफारशीवरून न्यायालयाने पाचही जणांच्या शिक्षा रद्द केल्या. २०१४ मध्ये न्यूयॉर्क शहराने त्यांना चार कोटी दहा लाख डॉलर देऊन नुकसानभरपाईचा दावा मिटवला. युसुफ सलाम २०२३ मध्ये त्याच शहराच्या नगरपरिषदेवर निवडून आला.

ही हकिगत सांगणारे बहुतेक जण इथे थांबतात. पाच पोरांचं तारुण्य गेलं, शेवटी सत्य बाहेर आलं. आपल्याला इथे थांबता येणार नाही, कारण रेयेसची हकिगत अजून बाकी आहे. त्या रात्रीच्या दोनच दिवस आधी, १७ एप्रिलला, त्याने त्याच बागेत दुसऱ्या एका बाईवर हल्ला केला होता. दोन्ही घटनांची सांगड कोणी घातली नाही. पाच पोरं हाती आल्यावर शोध संपला. आणि त्याच उन्हाळ्यात रेयेसने आणखी बायकांवर बलात्कार केले. जूनमध्ये त्याने एका गर्भवती बाईवर बलात्कार करून तिचा खून केला, तेव्हा तिची मुलं शेजारच्या खोलीत होती. ऑगस्टमध्ये तो पकडला गेला, तोही त्या दुसऱ्या गुन्ह्यांसाठी. सेंट्रल पार्कच्या गुन्ह्याबद्दल त्याच्यावर खटला कधीच चालला नाही, कारण कबुली दिली तेव्हा कायद्याने ठरवलेली मुदत उलटून गेली होती.

म्हणजे त्या गुन्ह्यासाठी जे तुरुंगात गेले त्यांनी तो केला नव्हता आणि ज्याने केला त्याला त्याची शिक्षा झाली नाही. त्रिशा मायली यांनी, म्हणजे त्या बाईंनी, २००३ मध्ये आपलं नाव जाहीर करून पुस्तक लिहिलं. हल्लेखोर एकच होता हे आपल्याला पटत नाही, असंही त्यांनी पुढे सांगितलं आहे. त्यांच्याशी सहमत व्हावं असा पुरावा आम्हाला दिसत नाही. पण त्यांना दोष देण्याचंही कारण दिसत नाही. स्वतःची आठवण पुसली गेलेल्या बाईला तेरा वर्षं सरकारने एक गोष्ट सांगितली आणि मग दुसरी. तिने कशावर विश्वास ठेवायचा?

आता आपल्या जवळचा एक प्रश्न. न केलेला गुन्हा कोणी कबूल का करेल? मोर्च्यातल्या बायकाच काय, शिकलेली माणसंही हे विचारतात. ज्या चळवळीचा जन्मच मथुरा प्रकरणातून झाला, तिला या प्रश्नाचं उत्तर शोधायला अमेरिकेला जायची गरज नाही. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात चौदा ते सोळा वर्षांच्या त्या आदिवासी मजूर मुलीवर दोन पोलिसांनी बलात्कार केला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडलं, कारण तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिने आरडाओरडा केला नव्हता, म्हणजे तिची संमती असणार. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायद्याच्या प्राध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना जे खुलं पत्र लिहिलं त्यातला मुख्य मुद्दा साधा होता. रात्रीच्या वेळी पोलीस ठाण्यात, पोलिसांच्या ताब्यात असलेली गरीब पोर गप्प राहते, तिला संमती म्हणत नाहीत. १९८० च्या ८ मार्चला बायका रस्त्यावर उतरल्या त्या याच मुद्द्यावर. १९८३ मध्ये कायदा बदलला. ताब्यात असलेल्या बाईने संमती नव्हती असं सांगितलं, तर ती नव्हती असंच न्यायालयाने धरून चालायचं.

मग त्याच खोलीत, त्याच माणसांच्या ताब्यात, त्याच वयाचा मुलगा 'हो, मी केलं' म्हणतो, तेव्हा ती कबुली कशी ठरते? ठाण्याच्या चार भिंतींत पंधरा वर्षांच्या पोरीची 'हो' खरी नसते, तशीच पंधरा वर्षांच्या पोराचीही नसते. हे तत्त्व आपण बायकांच्या बाजूने लढून मिळवलं आहे. ते फक्त बायकांपुरतं राखून ठेवता येणार नाही. निरीक्षणगृहांत आणि बाल न्याय मंडळासमोर येणाऱ्या मुलांशी ज्या सामाजिक कार्यकर्त्या बोलतात त्यांना हे ठाऊक आहे. पोराला पुढच्या दहा वर्षांचं काही दिसत नसतं. त्याला पुढचा तास दिसतो. हा मार थांबावा, आई दिसावी, घरी जाऊ द्यावं. त्यासाठी तो काहीही बोलेल.

आपला कायदा या बाबतीत अमेरिकेपेक्षा शहाणा आहे. पोलिसांपुढे दिलेली कबुली पुरावा म्हणून चालत नाही, हे १८७२ च्या पुरावा कायद्यात होतं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. पण त्याला पळवाट आहे. आरोपीने 'काढून दिलेली' वस्तू आणि त्याबाबतचं त्याचं बोलणं चालतं. म्हणून कबुलीची जागा आपल्याकडे पंचनामा घेतो, ठरलेले पंच घेतात आणि ओळखपरेड घेते. नाशिकच्या खटल्यात हेच दिसलं.

जून २००३ मध्ये नाशिकजवळ शेतातल्या झोपडीत राहणाऱ्या एका कुटुंबावर रात्री दरोडा पडला. पाच जणांचे खून झाले. घरातल्या आईवर आणि तिच्या पंधरा वर्षांच्या मुलीवर बलात्कार झाला. मुलगी मेली. आई आणि एक मुलगा जबर जखमी होऊन वाचले. पोलिसांनी पकडले ते सहा जण भटक्या जमातीतले, मजुरी करणारे. २००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवून तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही पुन्हा फाशीच दिली. २०१२ मध्ये चौदा निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना पत्रं लिहिली, की चुकीच्या निवाड्याचा आधार घेऊन फाशी ठोठावलेल्या तेरा कैद्यांची शिक्षा कमी करा. त्या तेरांत हे सहा होते. पुढे सर्वोच्च न्यायालयाने फेरविचार मान्य केला, आणि ५ मार्च २०१९ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. तोवर सोळा वर्षं गेली होती. सहांतला एक जण गुन्ह्याच्या वेळी अठरा वर्षांचाही नव्हता, हे मधल्या काळात सिद्ध झालं होतं. म्हणजे ज्याला कायद्याने फाशी देताच येत नाही असा मुलगा कित्येक वर्षं फाशीच्या कोठडीत होता. आणि तो निर्दोष होता.

हा निकाल बायकांच्या संघटनांनी मुळातून वाचावा असं आम्हाला वाटतं, ते एका गोष्टीसाठी. घटना घडल्यावर दोनच दिवसांनी, ७ जून २००३ ला, जखमी अवस्थेतल्या त्या आईला पोलिसांनी आपल्याकडच्या गुन्हेगारांच्या फोटोंचा आल्बम दाखवला. तिने त्यातली चार माणसं ओळखली. विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमोर तिचा तसा जबाब झाला. ती चार माणसं या सहांपैकी नव्हती. त्या चौघांना अटक झाली नाही, त्यांच्याबाबत तपासही पुढे गेला नाही. मग ओळखपरेड झाली, कोर्टात साक्षी झाल्या, आणि वाचलेल्या मायलेकांनी ओळखलं म्हणून या आरोपींना फाशी झाली. तिचा पहिला जबाब, ताजा जबाब, कोणाला नको होता. सोळा वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाला तो महत्त्वाचा वाटला.

बाईच्या साक्षीवर विश्वास ठेवा, असं आपण गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षं ओरडून सांगतो आहोत. इथे पोलिसांनी तिच्या शब्दावर विश्वास ठेवला असं वरवर दिसतं. खरं तर तिचं जे बोलणं सोयीचं होतं तेवढंच ठेवलं आणि गैरसोयीचं होतं ते कागदात पुरलं. नवरा, लेकरं गमावलेल्या, स्वतः बलात्कार सोसलेल्या बाईचा याहून मोठा अपमान आम्हाला सुचत नाही. आणि भटक्या जमातीचेच सहा जण का सापडले? १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं, तो कायदा १९५२ मध्ये गेला. पण पालावर रात्री-अपरात्री गाडी जाते ती आजही, आणि पालावरच्या बायका हे आपल्यापेक्षा नीट सांगतील. आरोपी गरीब, भटक्या जमातीतले मजूर होते आणि त्यांना खोटं गुंतवलं असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असं न्यायालयानेच नमूद केलं. प्रत्येकी पाच लाख रुपये द्या आणि तपासात कसूर करणारे अधिकारी शोधा, असा आदेश राज्य सरकारला दिला. सोळा वर्षांचे पाच लाख म्हणजे महिन्याला सुमारे सव्वीसशे रुपये. चुकीच्या खटल्यात भरडलेल्यांना भरपाईचा हक्क देणारा कायदा करा, असं विधी आयोगाने २०१८ मध्ये सांगितलं आहे. तो झालेला नाही. जे मिळतं ते न्यायालयाच्या मर्जीवर.

वयाचा मुद्दा आणखी थोडा बघू, कारण २०१२ च्या दिल्लीच्या घटनेपासून आपल्या चळवळीत त्यावर मतभेद आहेत. न्यायमूर्ती वर्मा समितीने वय खाली आणायला नकार दिला होता. बऱ्याच स्त्री संघटनाही त्याच मताच्या होत्या. तरी २०१५ मध्ये कायदा बदललाच, आणि सोळा ते अठरा वयाच्या मुलावर अति गंभीर गुन्ह्यासाठी प्रौढ म्हणून खटला चालवायची वाट उघडली. हा बदल बायकांच्या नावाने केला गेला. पण मुलाला प्रौढांच्या कोर्टात पाठवायचं की नाही हे ठरवताना त्याची समज तपासतात, त्याने गुन्हा केला का हे नंतर. म्हणजे त्याने तो केलाच आहे असं धरून सगळी चर्चा चालते. त्यातून वयाचा कागदच नसतो. पाड्यावर, पालावर जन्मलेल्या पोराचा दाखला कुठला? पुण्यातल्या १९९४ च्या सात खुनांच्या खटल्यात फाशी झालेला एक जण गुन्ह्याच्या वेळी अवघ्या साडेबारा वर्षांचा होता, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं ते मार्च २०२३ मध्ये, राजस्थानातल्या त्याच्या शाळेच्या नोंदीवरून. तो दोषी नव्हता असं न्यायालयाने म्हटलेलं नाही. पण बारा वर्षांच्या पोराला फाशी सुनावून अठ्ठावीस वर्षं तुरुंगात ठेवलं, आणि इतक्या वर्षांत तिन्ही कोर्टांत कोणी त्याचं वय धडपणे विचारलं नाही.

आणि २०१९ चं हैदराबाद. डॉक्टर मुलीवर बलात्कार करून तिला जाळल्याच्या प्रकरणात पकडलेले चार जण ६ डिसेंबरला पहाटे पोलिसांच्या गोळ्यांनी मेले. पोलिसांवर फुलं उधळली गेली. पुढे न्यायमूर्ती सिरपूरकर आयोगाने सांगितलं, की गोळ्या मारण्याच्याच हेतूने झाडल्या आणि चौघांपैकी तिघे अल्पवयीन होते. त्यांनी गुन्हा केला होता की नाही? आता कोणालाच कळणार नाही. त्या मुलीच्या आईबापांनाही नाही.

मग आपण करायचं काय? अत्याचार झालेल्या बाईची बाजू सोडायची का? मुळीच नाही. तिची बाजू घट्ट धरायची म्हणूनच तपासावर नजर ठेवायची. तिच्याबरोबर ठाण्यात जाणाऱ्या कार्यकर्तीने फिर्यादीची प्रत घेतो तशी आणखी थोडी चौकशी केली पाहिजे. तिने पहिल्यांदा काय सांगितलं आणि ते तसंच लिहिलं गेलं का? तिला आधी फोटो दाखवले का, कोणाचे, तिने कोणाला ओळखलं? ओळखपरेडच्या आधी आरोपी तिला कुठे दिसला का, ठाण्याच्या व्हरांड्यात, पेपरात, मोबाइलवर? तसं असेल तर ती परेड कोर्टात टिकत नाही आणि खरा आरोपीही त्यावर सुटतो. कपडे, नमुने वेळेत प्रयोगशाळेत गेले का, अहवाल आला का, तो कोणाशी जुळला? अहवाल जुळत नसेल तर 'आणखी एक जण निसटला' हे उत्तर ऐकून घ्यायचं नाही. तो शोधा म्हणायचं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सगळ्या पोलीस ठाण्यांत कॅमेरे बसवायला सांगितलं आहे. ते बाईच्या सुरक्षिततेसाठी मागायचे तसेच पकडलेल्या पोराच्या चौकशीसाठीही मागायचे. अमेरिकेत इलिनॉय राज्याने २०२१ मध्ये अल्पवयीन मुलांची फसवून चौकशी करायला बंदी केली. आपल्याकडे मुलाला कोठडीत ठेवायचंच नाही, चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यायचं, असा नियम आहे. तो पाळला जातो का, हे बघायला बाहेरचं कोणी हवं.

पकडलेल्या मुलाची आई बहुधा तिथेच ठाण्याच्या पायरीवर बसलेली असते. तिच्याशी बोलायचं की नाही, यावर कार्यकर्त्यांमध्ये वाद होतात. आमचं मत, बोलावं. त्याच कार्यकर्तीने नव्हे, पीडित मुलीला ते दुखवेल. पण गटातल्या दुसऱ्या कोणी. तिला शाळेचा दाखला आणायला सांगावं, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात फुकट वकील मिळतो हे सांगावं. तेवढ्याने आपली बाजू बदलत नाही. शॅरॉन सलाम ठाण्यात वेळेवर पोचली. त्या वेळी बाकीच्या आयांना काय करायचं ते सांगणारं कोणी नव्हतं.

एक काम लगेच हाती घ्यायचं आहे. २००३ मध्ये त्या आईने ज्या चार फोटोंवर बोट ठेवलं त्यांचं पुढे काय झालं, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांवर काय कारवाई झाली, हे माहिती अधिकाराखाली गृह विभागाला विचारायचं आहे. अर्जाचा मसुदा तयार आहे. नाशिक आणि जालन्याच्या गटांनी तो आपापल्या नावाने पाठवावा, बाकीच्यांनीही पाठवावा. जितके अर्ज जातील तितकं बरं. उत्तरं आली तर ती पुढच्या अंकात छापू. तीस दिवसांत आली नाहीत तर अपील कसं करायचं ते छापू.